बॅस्टोनच्या थंडीतला डॉक्टर

कोल्हापूर,
रविवार

प्रिय संजा,

फोनवर सांगत बसलो असतो तर तू मधेच "बरं, पुढं?" म्हणाला असतास, म्हणून लिहितोय. 'बँड ऑफ ब्रदर्स' बघून संपवली. मालिका जुनी, 2001 ची, दहाच भाग. दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेच्या 101 व्या एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजनमधल्या 'ईझी कंपनी' या तुकडीची खरी गोष्ट. लढाया जबरदस्त आहेत, पण मी त्यांच्यासाठी ती बघ म्हणत नाही.

दोस्तीबद्दल यात कोणी भाषण ठोकत नाही, हे मला लई आवडलं. ही पोरं एकत्र येतात ती मुळात एका साहेबाच्या रागापायी. कॅप्टन सोबेल. अमेरिकेतल्या टोकोआच्या प्रशिक्षण तळाजवळचा डोंगर पळत चढायचा, तीन मैल वर, तीन मैल खाली. एकदा तर पोटभर स्पॅगेटी चारून लगेच पळायला लावतो. पोरं ओकतात, तरी गाणं म्हणत पळतात. तालमीत वस्तादांना मनातल्या मनात शिव्या घालत आपण जसे एकमेकांचे झालो, तसंच की! पुढं सार्जंट लोक याच्या हाताखाली लढणार नाही म्हणून हुद्द्याच्या पट्ट्या उतरवायला निघतात. पण तो नसता तर ही कंपनी झाली असती का, असंही वाटत राहतं.

सहावा भाग मात्र एकट्यानं बघ. डिसेंबर 1944, बेल्जियममधल्या बॅस्टोनचं जंगल, जर्मनांचा वेढा पडलेला, बर्फ, अंगावर थंडीचे कपडे नाहीत. गोष्ट युजीन रो या मेडिकची, म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाची. सगळे त्याला 'डॉक' म्हणतात. तो दिवसभर खड्ड्याखड्ड्यांतून मॉर्फिन, पट्ट्या, एखादी कात्री मागत फिरतो. कुणाला टोपणनावानं हाक मारत नाही, जरा लांबच राहतो. ज्याच्याशी आज हसायचं त्याचंच पोट उद्या बांधायचं, कसं जमणार? भागाच्या शेवटी एकाला तो चटकन त्याच्या टोपणनावानं, 'बेब' म्हणून जातो, एवढंच. मी टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन आलो.

पहिल्या दोन भागांत हेल्मेटखाली सगळी तोंडं सारखीच दिसतात, वैतागू नकोस. भागांच्या सुरुवातीला म्हातारे सैनिक बोलतात, पण त्यांची नावं शेवटच्या भागापर्यंत दाखवत नाहीत. त्यामुळं कोण जगला ते आधी कळत नाही. हुशारी आहे.

बघताना तुझ्या आजोबांची आठवण येत होती. ईझी कंपनी फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरली 6 जून 1944 ला. महिन्याभरानं, 10 जुलैला, इटलीत मराठ्यांच्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, सोबतचे सगळे पडल्यावर, एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. पदकाची हकिगत छापलेली आहे. पण पडले त्या सोबत्यांत कोण कुणाची चेष्टा करायचा, कोण कुणाची भाकरी पळवायचा, ते कुठं आहे? आपल्याकडं सैनिक टाकळीसारखं गाव आहे, जिथं पिढ्यान् पिढ्या घरटी फौजी. तिथल्या चार म्हाताऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायला काय हरकत होती?

तुझे आजोबाही इटलीतच होते ना? आपल्या जोडीदारांबद्दल ते कधी काही बोलायचे का? तुझ्या आत्यांना आठवत असेल. त्यांना विचार आणि सविस्तर कळव.

तुझा,
विन्या