स्कोपच्या उंचीच्या क्लिकमधला दोष आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटी दाव्याला दिलेल्या नकाराचा फेरविचार करून स्कोप बदलून देणे किंवा रक्कम परत करणे.

महोदय,

तुमच्या कंपनीचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, मी आठ महिन्यांपूर्वी घेतला. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या रायफलीवर (मझलोडरवर) बसवून लांब पल्ल्याची चांदमारी करायची, एवढ्याच कामासाठी घेतला. खोक्यावर 'मझलोडरसाठी योग्य' असं ठळक छापलेलं आहे आणि ते वाचूनच मी निवड केली. आता तुम्ही वॉरंटी नाकारताना दोन कारणं देता : ठासणीच्या रायफलीचा धक्का स्कोपला सोसत नाही आणि स्कोप चुकीचा बसवला गेला असावा. ही दोन्ही कारणं मला मान्य नाहीत. का नाहीत ते सविस्तर लिहिते, कारण दोन महिन्यांचे रविवार मी हा दोष शोधण्यात घालवले आहेत.

आधी बसवण्याबद्दल. स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीची भोकं आणि स्क्रू यांचं तेल पूर्ण पुसून काढलं, स्क्रूला पकड धरणाऱ्या द्रावणाचा एकेक थेंब लावला आणि तुमच्याच पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळले. स्कोप धरणाऱ्या रिंगा घासून एका रेषेत आणल्या. रायफल पाणसळीने सपाट धरून समोर ओळंबा टांगला आणि स्कोपमधली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवली. तुमच्या स्कोपची उंचीची एकूण हालचाल ६० मिनिटं (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग, आणि उंचीच्या नॉबचा एक क्लिक म्हणजे पाव मिनिट), म्हणजे मध्यापासून वर फक्त ३० उरतात. म्हणून २० मिनिटांचा उतार असलेली पट्टी वापरली, म्हणजे लांबच्या निशाणासाठीही नॉब टोकाला जाऊन अडकत नाही.

रायफलीच्या बाजूनेही कसूर ठेवली नव्हती. दारू मापट्याने न घेता दर वेळी काट्यावर तोलून घेतली, रायफल बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतच. गोळी प्रत्येक वेळी सारख्याच खोलीवर बसावी म्हणून ठासायच्या गजावर खूण केली. प्रत्येक बारानंतर नळीतून एक ओलं आणि एक कोरडं फडकं फिरवलं, कारण काजळी साचत गेली की पुढची गोळी वेगळ्या दाबाने बसते आणि वेग बदलतो. १०० मीटरवर पाच गोळ्या ४ सेंटीमीटरच्या आत पडत होत्या. ठासणीच्या रायफलीकडून मला याहून जास्त काही नको होतं.

गडबड ४०० मीटरवर सुरू झाली. मोजलेल्या वेगावरून हिशेब करून २२ मिनिटं वर चढवली, तर गोळ्या एकत्र पडल्या, पण निशाणाच्या बऱ्याच खाली. मी हिशेबाला दोष दिला आणि आकडा सुधारला. पुढच्या रविवारी त्याच सुधारलेल्या आकड्यावर गोळ्या वर गेल्या. मग दारूवर संशय घेतला, मग गोळीवर, मग स्वतःच्या चाप ओढण्यावर. १०० मीटरवर परत आले तर मूळची जुळणीही सरकलेली. शेवटी त्याच पट्टीवर, त्याच रिंगांत माझा जुना स्कोप चढवला. त्याच दारूने, त्याच गोळीने तीन रविवार ४०० मीटरचा आकडा तोच राहिला आणि १०० वर परतताना जुळणी जागेवर आली. बसवण्यात चूक असती तर ती जुन्या स्कोपलाही दिसली असती.

तरीही रायफलच मध्ये नको म्हणून तुमचा स्कोप एकटा जड लोखंडी ठोकळ्यावर घट्ट बांधला. बरोबर १०० मीटरवर उभा फळा लावला, ओळंब्याने रेघ मारली आणि सेंटीमीटरच्या खुणा केल्या. या अंतरावर एक मिनिट म्हणजे २.९१ सेंटीमीटर. ४० मिनिटं, म्हणजे १६० क्लिक फिरवल्यावर स्कोपमधली नेमाची फुली ११६.४ सेंटीमीटर सरकायला हवी. सुरुवात मध्याच्या २० मिनिटं खालून केली, म्हणजे दोन्ही टोकांपासून लांब. पहिल्या खेपेला फुली १०८.५ सरकली, दुसऱ्या खेपेला १०९.७, तिसऱ्या खेपेला १०७.८. आणि १६० क्लिक उलटे फिरवल्यावर ती मूळ खुणेच्या २.२ सेंटीमीटर वर थांबली, म्हणजे तीन क्लिकचा फरक.

नुसती तूट असती तर मी इतकं लांब पत्र लिहिलं नसतं. क्लिक ठरावीक प्रमाणात कमी सरकत असेल तर गुणाकार करून काम भागवता येतं, अनेक नेमबाज तसं करतात. तुमच्या स्कोपची तूट दर खेपेला वेगळी आहे, आणि तिला कोणताही हिशेब पुरा पडत नाही. सरासरी तूट धरली तरी ४०० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटीमीटर खाली जाते. लांब पल्ल्याच्या स्कोपचा नॉब मोजून फिरवता येत नसेल, तर तो कशासाठी आहे?

हे सगळे आकडे मी स्कोपसोबत लिहून पाठवले होते. सहा आठवड्यांनी स्कोप परत आला, सोबत 'तपासले, दोष आढळला नाही' एवढीच चिठ्ठी. कशावर तपासलं, किती क्लिक फिरवले, किती अंतर भरलं, यातलं एक अक्षर नाही. मी तीच चाचणी पुन्हा केली आणि दोष जसाच्या तसा आहे.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने मला सांगितलं की ठासणीच्या बंदुकीने एवढ्या लांब कोणी मारत नाही. हे मला फार लागलं. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरच्या निशाणावर बार काढून केलं, तो ठासणीच्या व्हिटवर्थ रायफलीनेच. १८७४ साली अमेरिकेतल्या क्रीडमूरच्या मैदानावर आयरिश संघ ठासणीच्या रायफली घेऊन ८००, ९०० आणि १००० यार्डांवर अमेरिकन संघाच्या मागून भरणाऱ्या रायफलींविरुद्ध उतरला आणि ९३४ विरुद्ध ९३१, अवघ्या तीन गुणांनी हरला. ज्या ग्राहकांना तुम्ही खोक्यावर नाव घालून माल विकता, त्यांचा खेळ काय आहे हे तुमच्या माणसांना माहीत असायला हवं.

आणि धक्का सोसत नसेल, तर खोक्यावरचा तो शब्द काढून टाका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

माझी मागणी अशी : स्कोप बदलून द्यावा, आणि बदली स्कोप पाठवण्याआधी त्याची वर-खाली हालचाल मोजून आकडे लेखी द्यावेत. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम आणि दोन वेळचा पाठवणीचा खर्च परत करावा. पहिल्या तपासणीची नोंद असेल तर तिची प्रत मला हवी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी हे प्रकरण ग्राहक तक्रारींच्या अधिकृत यंत्रणेकडे नेणार आहे.

सोबत पावतीची प्रत, वॉरंटी कार्ड, तुमची चिठ्ठी, आणि फळ्याची तिन्ही खेपांची छायाचित्रं जोडली आहेत. स्कोप ठोकळ्यावरून अजून सोडलेला नाही. तुमचा तंत्रज्ञ येणार असेल तर त्याच्यासमोर १६० क्लिक मी पुन्हा फिरवून दाखवीन.

आपली,
एक ग्राहक