गप्प मुलाचीही नोंद हवी

महोदय,

सहामाही निकालानंतर शाळांतून ‘वर्तन-प्रश्नावली’ भरून घेतात, ते चांगलेच. पण त्यासाठी वापरतात त्या, ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांच्या 1997च्या प्रश्नावलीत 25 विधाने, पाच गट आहेत. एकूण अडचणींचा आकडा (0 ते 40) फक्त चार गटांचा. पाचवा गट मदतशील वागण्याचा, तो त्यात मिळवायचा नाही. त्या चार गटांतली चांगल्या गुणांची पाच विधाने उलट मोजायची असतात. इथेच घोळ होतो, आणि धडधाकट पोर ‘समस्याग्रस्त’ ठरते. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे.

दुसरे असे, की शिक्षकांना दंगा दिसतो, धास्ती दिसत नाही. 11 ते 17 वयाच्या मुलांनी स्वतः भरायचा तक्ता म्हणूनच वेगळा आहे. तो वर्गशिक्षकांसमोर, शेजाऱ्याच्या वहीत डोकावत भरून घेतला तर कोण खरे लिहील?

‘मला गणित येतच नाही’ म्हणणाऱ्याला ‘तू हुशार आहेस’ सांगून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मांडणीत आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. म्हणून रोज तीनच उदाहरणे द्यावीत: दोन जमणारी, एक किंचित अवघड. चूक नेमक्या पायरीवर खूण करून दाखवावी, अख्ख्या पानावर लाल फुली नको. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासांसारखी क्रमवारी भिंतीवर लावणे तर नकोच.

झोप, भूक, मैत्री दोन आठवडे बिघडलेली दिसली, तर शिकवणी बदलत बसू नये; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. जीव देण्याची भाषा कानी आली, तर त्याच दिवशी फोन करावा.

— काही शालेय समुपदेशक, इंदूर