रबईचे मास्तर-मास्तरीण आपल्या शरणपूरचे!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या खेड्यांत शिकवणाऱ्या मिशनरी जोडप्यांवरचा लेख वाचला, छान होता, फोटोही मस्त. पण चार जोडपी दिलीत आणि चारही गोरी! आणि आम्हा नाशिककरांच्या नाकाखालचं जोडपं, केनियातल्या रबई गावात शिकवणारे विल्यम आणि जेमिमा जोन्स, राहून गेलं ते गेलंच. म्हणून म्हटलं आता लिहावंच.

शरणपूर रोडच्या सिग्नलला रोज अडकतो आपण, पण हे नाव कुठून आलं असं कधी कोणी विचारत नाही. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेने ही वसाहत वसवली. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन पोरं इंग्रजांचं आरमार सोडवायचं, त्यातली बरीच मुंबईत उतरवली जायची आणि काही तिथून इकडे नाशकात यायची. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम सगळं शिकवायचे. आईबापांपासून तोडलेलं पोर कुठल्या कुठे गोदाकाठी येऊन वाढतंय, विचार केला तरी कसंतरी होतं.

त्यातलाच एक विल्यम जोन्स. मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा, नाव अर्थात मिशनने ठेवलेलं. 1864 साली तो आणि त्याची बायको जेमिमा, सोबत इश्माएल सेमलर आणि त्याची बायको, असे सगळे मोंबासाजवळच्या रबईला शिकवायला गेले. रबई म्हणजे डोंगरावरचं गाव, 1846 पासून तिथे मिशन होतं, रेबमान नावाचा जर्मन पाद्री वर्षानुवर्षं तग धरून बसलेला पण माणसं काही जमत नव्हती. नंतरच्या काळात तिथला कारभार जोन्सने सांभाळला, आणि तेव्हाचं रबई बघा, मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम सरळ या मिशनच्या आसऱ्याला यायला लागले. का येणार नाहीत हो? साखळी काय असते हे समोरच्या मास्तरला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं! मालक मंडळी अर्थातच भडकली, मिशनमधल्या गोऱ्या साहेबांचीही चलबिचल झाली. शेवटी 1889 च्या जानेवारीत पूर्व आफ्रिकेतला कारभार बघणाऱ्या इंग्रज कंपनीने मालकांना पैसे मोजून रबई आणि आसपासच्या मिशनांतल्या चौदाशेवर माणसांना मोकळं केलं.

मे 1885 मध्ये तिकडच्या मिशनचा बिशप (पाद्र्यांचा वरिष्ठ) हॅनिंग्टन याने जोन्स आणि सेमलर दोघांनाही डीकनची, म्हणजे पाद्रीपणाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपबरोबर युगांडाच्या वाटेला लागला, बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरात युगांडाच्या वाटेवरच्या बुसोगा प्रांतात मारला गेला. मागे राहिलेली माणसं घेऊन जोन्स परत फिरला. 1886 च्या सुरुवातीला ही मंडळी रबईत शिरली तेव्हा पुढे निळा झेंडा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, इखाबोद. बायबलमधला शब्द आहे, वैभव गेलं असा काहीसा अर्थ. लांबून तो झेंडा दिसल्यावर गावाला काय ते कळलं असेल.

हॅनिंग्टनचं नाव सगळीकडे सापडतं. जोन्सचं शोधावं लागतं आणि जेमिमाचं तर विचारूच नका, जिथे मिळेल तिथे 'जोन्स आणि त्याची पत्नी' एवढ्यावरच आटोपलेलं. रबईत बायकांना घरात बसवून कोणी शिकवलं असेल, पळून आलेल्या बाईच्या हातात पहिलं भांडं कोणी दिलं असेल, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

आफ्रिका धुंडाळणाऱ्या प्रसिद्ध मिशनरी लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेतून समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकचाच विद्यार्थी, 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमध्ये त्याच्या दफनाला हजर होता. मोंबासाजवळच्या फ्रेरटाउनमध्येही आधी इथलेच लोक जाऊन राहिले, ते गाव ज्याच्या नावाने आहे तो फ्रेर आपल्या मुंबईचाच गव्हर्नर. तिकडे या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणायचे. आपल्याकडे काय म्हणायचे कोणास ठाऊक, मराठी तर त्यांच्या कानावर रोज पडत असणार, बाजारात भाजी काय इंग्रजीत घेत होते का!

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी छोटीशी चौकट टाका. आणि त्यात फक्त 'जोन्स व पत्नी' असं छापू नका, जेमिमाचं नावही टाका.

आपला,
एक नाशिककर वाचक