पैसे भरून वाढणारा पिकअप आणि आरसीवरचा आकडा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्युत मोटारीचा पिकअप वाढवायला कंपनी वेगळे पैसे मागते, असा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. गाडी माझी, मोटर माझी, बॅटरी माझी, मग तिच्यातला जोर कुलपात का? रागात तथ्य आहे. पण सगळी चर्चा किमतीपाशीच घुटमळते आणि ग्राहक पुढे ज्या कागदांवर अडकणार असतो, तिकडे कोणी बघत नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी गाडीत नेमके काय बदलते ते पाहू. पेट्रोल गाडीत पाय दाबला की थ्रॉटल उघडतो. इथे पाय दाबला की फक्त एक मागणी नोंदली जाते. कंट्रोल युनिट त्या मागणीचा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा, आकडा करते आणि इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) त्या आकड्याच्या हिशेबाने मोटरच्या तीन फेजमध्ये करंट सोडतो. या वाटेवर ठिकठिकाणी मर्यादा लिहून ठेवलेल्या असतात: इन्व्हर्टरचा कमाल फेज करंट, बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने) बॅटरीला घालून दिलेला डिस्चार्ज करंट, मोटरच्या वाइंडिंगचे तापमान. तुम्ही पैसे भरलेत की कंपनी सॉफ्टवेअरमधून यातले दोन-तीन आकडे बदलते. गाडीखालचा एक बोल्टसुद्धा हलत नाही.

त्यामुळे जोर सगळ्या वेगांना सारखा वाढत नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच कळत नाही. गाडी जागेवरून सुटताना टॉर्क अडतो तो इन्व्हर्टरच्या करंटवर आणि टायरच्या पकडीवर. वेग वाढला की फिरणारी मोटर स्वतःच उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार करू लागते. मग मर्यादा लागते ती बॅटरी एकूण किती किलोवॅट देऊ शकते याची. पोलस्टार २ या दोन मोटरच्या गाडीसाठी २०२२ मध्ये युरोपात १,००० युरोंना जे अपग्रेड आले, त्यात पॉवर ३०० वरून ३५० किलोवॅट झाली, टॉर्क मात्र ६६० वरून ६८० न्यूटन-मीटर. म्हणजे पॉवर सुमारे १७ टक्के जास्त, टॉर्क जेमतेम ३ टक्के. साहजिकच ० ते १०० ची वेळ ४.७ वरून ४.४ सेकंदांवर आली, एवढेच. खरी करामत ८० ते १२० मध्ये: तिथे २.२ सेकंद, आधीपेक्षा अर्धा सेकंद कमी. जादा जोर ७० ते १३० किमीच्या पट्ट्यात मिळतो, असे कंपनीनेच सांगितले होते. सिग्नलला शेजारच्याशी शर्यत लावणाऱ्याची निराशा होईल. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकलेल्याचा फायदा होईल.

टेस्लाने डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या दोन मोटरच्या लाँग रेंज गाडीसाठी २,००० डॉलरला असाच बूस्ट आणला. ० ते ६० मैल, म्हणजे आपले ९७ किमी, ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत. डाउनलोड झाल्यावर मेनूतल्या ‘स्टँडर्ड’च्या जागी ‘स्पोर्ट’ दिसते, बाकी बाहेरून काही फरक नाही. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला दालन उघडले तेव्हा विक्रीला ठेवलेल्या दोन्ही मॉडेल वाय मागच्या एकाच मोटरवर चालणाऱ्या होत्या. तेव्हा परदेशी व्हिडिओ पाहून ॲपमध्ये हा बूस्ट शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता उष्णता. ४०० व्होल्टच्या बॅटरीतून ५० किलोवॅट जादा ओढायचे म्हणजे १२५ अँपिअर जादा. घरातल्या गीझरच्या १६ अँपिअरच्या जवळजवळ आठ सॉकेटांचा करंट एका दमात. तारेत आणि सेलमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट १७ टक्के वाढला तर उष्णता ३७ टक्के. हे तीन-चार सेकंदच चालते म्हणून निभावते. पण याच कारणाने ‘पैसे भरले तरी कधी कधी जोर लागत नाही’ ही तक्रार येते आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना ती समजावून सांगता येत नाही. समजा, बॅटरीचा अंतर्गत रोध ५० मिलिओहम आहे. ९०० अँपिअर ओढताच तिचा व्होल्टेज ४५ ने खाली बसतो. बॅटरी ८० टक्के भरलेली असेल तर हे चालून जाते. १५-२० टक्क्यांवर सेलचा व्होल्टेज आधीच उतरलेला असतो, त्यात आणखी घसरला तर खालची सीमा ओलांडेल, म्हणून बीएमएस जादा करंट नाकारते. थंड बॅटरीचा रोध जास्त असतो, तिथेही तेच. आणि मे महिन्यात विदर्भात, फास्ट चार्जरवरून नुकत्याच सुटलेल्या गाडीत, तापमानाची मर्यादा आडवी येते. हा बिघाड नव्हे, पण पैसे घेण्याआधी सांगायची गोष्ट नक्कीच आहे. टायरचेही तसेच. जोर वापराल तर रबर झिजेल, आणि विद्युत गाडी मुळातच वजनदार.

अपग्रेड खरे सॉफ्टवेअरचे आहे की त्याला सामानही लागते, हे ओळखायची एक सोपी खूण आहे: फ्यूज आणि काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) बदलावे लागतात का? टेस्लाने जुलै २०१५ मध्ये मॉडेल एससाठी ‘ल्युडिक्रस’ मोड आणला तेव्हा बॅटरीचा करंट १,३०० वरून १,५०० अँपिअरवर न्यायचा होता. वितळून तुटणारा साधा फ्यूज एवढ्या काठावर भरवशाचा राहत नाही. तो नेमका कधी वितळेल, हे सांगता येत नाही. म्हणून करंटवर इलेक्ट्रॉनिक नजर ठेवून स्फोटक कळीने तार तोडणारा फ्यूज बसवला आणि मुख्य काँटॅक्टरमध्ये पोलादाऐवजी तापल्यावरही ताठ राहणारा इन्कोनेल हा मिश्रधातू वापरला. तिथे सामान आणि मजुरी होती, पैसे घेणे रास्त होते. नुसत्या डाउनलोडने जोर वाढत असेल, तर जाड केबल, मोठा इन्व्हर्टर, तगडा फ्यूज हे सगळे पहिल्या दिवसापासून गाडीत होते आणि त्याचा खर्च मूळ किमतीत कुठेतरी शिरलेला होता, हे उघड आहे.

मग ही लूट का? एकरकमी किंमत असेल तर मी लूट म्हणणार नाही. एकाच लाइनवर एकच मोटर बनवून दोन किमतींना विकणे कारखान्याला स्वस्त पडते, आणि जास्त जोराने वापरलेल्या गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्टच्या वॉरंटीची तरतूदही करावी लागते. दरमहा भाडे मात्र पटत नाही. नकाशे, गाणी, लाइव्ह ट्रॅफिक यांच्यामागे कंपनीचा रोजचा खर्च असतो. टॉर्कचा आकडा एकदा लिहिला की त्याच्यामागे दर महिन्याला काय खर्च येतो? मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ईक्यूई आणि ईक्यूएस या विद्युत मोटारींसाठी वर्षाला १,२०० डॉलर, म्हणजे सुमारे एक लाख रुपये मागितले. त्यात ईक्यूई ३५० ची पॉवर २१५ वरून २६० किलोवॅट होते आणि ० ते ६० मैल ६.० ऐवजी ५.१ सेकंदांत. टीका झाल्यावर मासिक आणि एकरकमी पर्यायही आले. ब्रिटनमध्ये फोक्सवागनने २०२५ मध्ये आयडी.३ साठी १५० चे १७० किलोवॅट करायला महिना १६.५० पौंड, वर्षाला १६५ किंवा कायमचे ६४९ पौंड असा दर लावला. हिशेब करा: ३९ महिन्यांत मासिक भाड्याने ६४३ पौंड जातात. गाडी सव्वातीन वर्षांहून जास्त ठेवणाऱ्याने मासिक पर्याय घेऊच नये. एक महिना घेऊन फरक जाणवतो का, हे बघण्यापुरता तो ठीक.

याच आयडी.३ च्या बाबतीत कंपनीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात महत्त्वाची तीच. गाडीची नोंदणी मुळातच वरच्या पॉवरने झालेली असल्याने ग्राहकाने विमा कंपनीला वेगळे कळवायची गरज नाही. म्हणजे कागदावर १७० किलोवॅट आणि पैसे न भरणाऱ्याच्या चाकांना मिळतात १५०. विमा कंपनी कागद वाचते, चाके बघत नाही.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. विद्युत मोटारींच्या थर्ड पार्टी विम्याचे दर किलोवॅटवर ठरतात. २०२२ च्या अधिसूचनेत खासगी विद्युत मोटारीला ३० किलोवॅटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ पर्यंत २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२ रुपये असे टप्पे आहेत. ६० किलोवॅटची नोंद असलेली गाडी डाउनलोडने ७० ची झाली, तर ती टप्पा ओलांडते. हप्त्यातला ३,८०८ रुपयांचा फरक किरकोळ म्हणा. पण अपघातानंतर ‘जाहीर न केलेला बदल’ म्हणून ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दावा अडला तर काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ए मध्ये ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हा कायदा लिहिताना डोळ्यासमोर बदललेले इंजिन आणि कापलेली चॅसी होती, रात्री वायफायवरून आलेली फाइल नव्हती. तेव्हा उत्पादकाने प्रमाणीकरणाच्या वेळीच वरची पॉवर दाखवली असेल तर ग्राहक निर्धास्त, खालची दाखवली असेल तर अधांतरी.

इथे आणखी एक मेख आहे. पुण्यातल्या एआरएआयसारखी वाहनांची चाचणी घेणारी संस्था एआयएस-०४१ या मानकाप्रमाणे मोटरची पॉवर मोजते, तेव्हा दोन आकडे निघतात: एक कमाल पॉवर आणि दुसरी सलग तीस मिनिटे टिकणारी पॉवर. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असू शकतो. बूस्टने बदलतो तो काही सेकंदांचा कमाल आकडा. तीस मिनिटांचा आकडा थंड करण्याच्या व्यवस्थेवर ठरतो, तो तसाच राहतो. त्यामुळे डीलरला ‘किती किलोवॅट?’ एवढेच विचारून भागत नाही. आरसीवर आणि विम्यावर यातला कोणता आकडा चढला आहे आणि प्रमाणपत्रात बूस्टसह मोजलेली पॉवर आहे का, हे ईमेलवर लेखी मागावे. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही सर’ला किंमत शून्य. बिलही नीट बघावे. विद्युत वाहनावर जीएसटी ५ टक्के आहे, पण नंतर घेतलेल्या अपग्रेडचे बिल सॉफ्टवेअर सेवा म्हणून आले तर १८ टक्के लागतो. तेव्हा घ्यायचेच असेल तर गाडीसोबतच, त्याच बिलात बसवता येते का, ते विचारून बघावे.

दुचाकीत हा प्रकार आपल्याकडे आधीच आला आहे. एथर ४५०एक्स २०२३ मध्ये प्रो पॅकशिवाय स्वस्तात मिळू लागली. तेव्हा सुमारे ३०,००० रुपयांचा पॅक घेतला नाही तर वॉर्पसारखे जोरदार राइड मोड मिळत नव्हते. स्कूटर तीच. केंद्राच्या फेम-२ या विद्युत वाहन योजनेच्या अनुदानासाठी कारखाना किंमत दीड लाखाच्या आत ठेवायची म्हणून काही कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर यांचे पैसे वेगळे लावले, त्यावर केंद्र सरकारने चौकशी केली आणि २०२३ मध्ये चार कंपन्यांना चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करावे लागले. वेगळ्या बिलातून काय काय साधता येते, याचा हा ताजा धडा.

पिकअप वाढवायला बाहेर मिळणाऱ्या डबीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: घेऊ नका. कॅनडातल्या क्यूबेकमधील एका कंपनीने टेस्लाच्या बूस्टच्या जवळपास निम्म्या किमतीत मोटरच्या जोडणीत खोचायचे मॉड्यूल विकले. टेस्लाच्या २०२० च्या अपडेटने ते पकडले आणि गाडीच्या पडद्यावर ‘विसंगत बदल आढळला’ असा इशारा येऊन बसला. आपल्याकडचा अवतार आणखी गावठी आहे. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतली स्कूटर नोंदणीविना चालते म्हणून घ्यायची आणि मग गॅरेजमध्ये स्पीड लिमिटची वायर तोडायची किंवा कंट्रोलरमधल्या शंटवर (करंट मोजणाऱ्या पट्टीवर) सोल्डरचा थर चढवायचा. शंटचा रोध कमी झाला की कंट्रोलरला प्रत्यक्षापेक्षा कमी करंट दिसतो आणि तो बिनधास्त जास्त सोडतो. आधी फेजच्या वायरींचे इन्सुलेशन मऊ होते, मग मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होतात. मॉस्फेट शॉर्ट झाला की चाक चालताचालता जखडल्यासारखे होते. बीएमएस हलक्या प्रतीची असेल तर सेलही तापतात. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये अशा गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले ते याचसाठी.

शेवटचा प्रश्न जुन्या गाडीचा. अमेरिकेत २०२२ मध्ये एका मॉडेल एसच्या तिसऱ्या मालकाची गाडी टेस्लाने दुरून ९० किलोवॅट-तासांची ६० ची करून टाकली. मूळ ६० ची बॅटरी वॉरंटीत बदलताना ९० ची बसली होती आणि गाडी त्यानंतर दोनदा ‘९०’ म्हणूनच विकली गेली होती. रेंज परत हवी तर ४,५०० डॉलर भरा, असे त्याला सांगितले गेले. समाजमाध्यमांवर ओरड झाली तेव्हा कंपनी नमली. आयडी.३ चा कायमचा पर्याय गाडीला जोडलेला आहे, मालकाच्या खात्याला नाही. आपल्या परिवहन मंत्रालयाने निदान एवढी सक्ती करावी: अपग्रेडच्या बिलावर चॅसी क्रमांक, आधीचे आणि नंतरचे किलोवॅट, मुदत आणि ‘वाहनासोबत हस्तांतरणीय’ किंवा ‘नाही’ हे छापलेच पाहिजे.

ते होईपर्यंत, वापरलेली विद्युत मोटार घेणाऱ्याने विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून लॉग आउट करायला सांगावे, आणि त्यानंतर मेनूत स्पोर्ट किंवा बूस्ट उरतो का ते पाहूनच टोकन द्यावे.

आपला,
एक वाचक
(मोटर कंट्रोलर क्षेत्रातील अभियंता)
चिंचवड, पुणे