मनूस पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला. बाबांना रेंज गेली म्हणून सांगितलं. दिवाळीच्या तिकिटाचं या पत्रात विचारणार नाहीये.

माँटिसेलोचा, जेफरसनच्या त्या अमेरिकेतल्या घराचा, तुझा फोटो मोठा करकरून पाहिला. विटेत उमटलेली ती बोटं! ओली वीट उचलताना रुतली असणार. केवढीशी गं.

तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, १७७६, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, जेफरसन, 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत', खाली दुहेरी रेघ. त्याने जन्मभरात सहाशेवर माणसं गुलाम म्हणून बाळगली, हे आमच्या पुस्तकात नव्हतं आणि मीही शोधलं नाही. तू त्याच्या शेताच्या वहीतलं वाचून दाखवलंस: दहा वर्षांपर्यंतची मुलं तान्ह्यांना सांभाळतील, दहा ते सोळाचे मुलगे खिळे पाडतील, मुली सूत काततील. आणि लगेच, "आई, मला कोण सांभाळायचं?"

नऊ वर्षांची होती ती. मी शाळेला निघाले की तुला काखोटीला मारून फाटकापर्यंत यायची, तुझ्या वजनाने एका अंगाला कललेली. तुझं पहिलं पाऊल तिनेच पाहिलं, मी वर्गात होते. तिच्या आईनेच आणून सोडली होती. पैसे द्यायचो, जेवायला घालायचो, दिवाळीला परकर शिवायचो. विकत नव्हती घेतली, मनू, फरक आहे. (हे लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही.) तिची कपबशी मोरीच्या खिडकीत वेगळी असायची. तू विसरली असशील. नसशीलही.

तरी माणसाला एकाच पारड्यात तोलू नये. बाहेरून गुलाम आणायला बंदी घालणाऱ्या १८०७च्या कायद्यावर सही त्याचीच. आणि जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली तीही अमेरिकेतल्याच लोकांना, गुलामांना सोडवणाऱ्यांना. म्हणजे त्या देशात... बघ, सुरू झाला माझा तास. राहू दे, चुकलं.

तू सांगितलेला तो लोहार, जोसेफ फॉसेट, डोक्यातून जात नाही. आपल्यामागे वर्षाने त्याला मोकळं करावं, असं जेफरसनने मृत्युपत्रात लिहिलं आणि ते वर्ष भरायच्या आतच, १८२७च्या जानेवारीत, कर्ज फेडायला झालेल्या लिलावात, त्याची बायकापोरं विकली गेली. वेगवेगळ्या घरी. मोकळा होऊ घातलेला तो माणूस त्या दिवशी कुठे उभा असेल?

तिकिटं म्हणे आत्ताच चढलीत. सहज कानावर आलं.

ती उंब्रजला असते. मुलगी नर्सिंगला आहे. बाबांनी नंबर मिळवलाय, चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. चार दिवस झाले. बोलायला काय सुरुवात करावी तेच सुचत नाही. गेल्या जत्रेत काकूला भेटली तेव्हा विचारत होती, "बाळी केवढी झाली?"

तू आलीस तर दोघी जाऊ. तर, म्हटलंय.

खोकला गेला का?

तुझी,
आई