फेरी निघाली, पुढे काय?

महोदय,
२५ नोव्हेंबरच्या महिला हिंसाचार निर्मूलन दिनानिमित्त निघालेल्या महिला अत्याचारविरोधी जनजागृती फेरीची बातमी वाचली. उपक्रम चांगलाच, पण घोषणा ऐकून मारणाऱ्याचा हात थांबतो, असे मला वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पतीकडून हिंसा झाल्याचे सांगणाऱ्या विवाहितांचे प्रमाण आपल्या कर्नाटकात २०१५-१६ मध्ये सुमारे २१ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ४४ टक्के झाले. हिंसा वाढली असेल, किंवा बायका बोलू लागल्या असतील. बोलू लागल्या असतील, तर ते मोहिमांचे खरे यश मानायला हवे. मग बोललेले ऐकून घेणारे कोणी आहे का?

आमच्या शेजारच्या वहिनींनी फेरीत मिळालेले पत्रक रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते. एके दुपारी ते घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढं वाचून दाखवा." पत्रक फक्त कन्नडमध्ये होते, त्यांचे शिक्षण मराठी चौथी. १८१ हा मदतीचा क्रमांक त्यावर छापलेला होता, पण तो कशाचा हे त्यांना कळले नव्हते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याने पीडितेची तक्रार नोंदवून न्यायालयापर्यंत पोहोचवायची असते. हा अधिकारी कोण, कुठे बसतो, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीच्या खेड्यांत किती जणींना ठाऊक आहे? कन्नडसोबत मराठीतही पत्रके छापावीत आणि त्यांवर त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता ठळक द्यावा.

— एक वाचक, खानापूर