ॲनिमेच्या ड्रॅगनविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय श्रीनिवास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रासोबत आलेले ड्रॅगनचे रेखाचित्र पाहिले. जपानी ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या धाटणीचा ड्रॅगन घेऊन विडंबनात्मक कार्टून करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. चित्र मात्र तितकेसे आवडले नाही. तू त्याला मोठाले चमकदार डोळे दिलेस, टोकदार निळे केस दिलेस, पाठीमागे वेग दाखवणाऱ्या रेषाही ओढल्यास. ॲनिमेची लक्षणे सगळी जमा झाली, पण ती तिथे कशासाठी आहेत हे चित्राला ठाऊक नाही, म्हणून ते नुसती नक्कल होऊन बसले आहे.

याबाबतीत तू ‘होमस्टार रनर’ हे अमेरिकन वेब-कार्टून नीट पाहावेस. माइक आणि मॅट चॅपमन या भावांनी २००० साली त्याचे संकेतस्थळ सुरू केले. त्यातले बहुतेक पुरुषी आवाज एकटा मॅट काढतो. त्यातला स्ट्राँग बॅड हा कुस्तीगिराचा मुखवटा घातलेला खट्याळ इसम प्रेक्षकांच्या ई-मेलना उत्तरे देतो. हातात मुष्टियुद्धाचे हातमोजे असूनही तो टंकलेखन करतो आणि चित्रेही काढतो, आणि हे कसे जमते याचा खुलासा करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. जानेवारी २००३ मध्ये आलेल्या अठ्ठावन्नाव्या ई-मेलमध्ये तो ड्रॅगन काढायला शिकवतो आणि त्यातून ट्रॉगडॉर जन्मतो. त्याच्या लगेच आधीच्या, म्हणजे सत्तावन्नाव्या ई-मेलमध्ये आपण जपानी कार्टूनमध्ये असतो तर कसे दिसलो असतो हे तो सांगतो, आणि त्यातून स्टिंकोमन जन्मतो. हे दोन भाग पाठोपाठ पाहिलेस, तर मला काय म्हणायचे आहे ते निम्मे तिथेच कळेल.

दोन्ही भागांची रचना पाककृतीसारखी आहे. ट्रॉगडॉरसाठी आधी इंग्रजी ‘एस’ काढायचा, मग त्याला जरा वेगळा दुसरा ‘एस’ जोडायचा, दात, पाठीवरचे काटे आणि रागीट भुवया यांसाठी एकाच जातीचे ‘व्ही’ वापरायचे, आणि सगळे झाल्यावर मानेच्या मागून एक पिळदार मानवी हात उगाचच बाहेर काढायचा. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ड्रॅगन काढणाऱ्या प्रत्येक मुलाचा आत्मविश्वास या कृतीत आहे. स्टिंकोमनच्या कृतीतही तेच शहाणपण दिसते. केस निळे हवेत, पायांत यंत्रमानवाचे बूट हवेत, डोळे प्रचंड हवेत, आणि तोंड मिटलेले असताना जवळजवळ दिसू नये, पण उघडले की निम्मा चेहरा व्यापावा. विनोद लक्षणांत नाही. ती इतक्या गंभीरपणे नियम म्हणून सांगण्यात आहे. पुढे या स्टिंकोमनसाठी ‘२०एक्स६’ नावाचे भविष्यातले एक स्वतंत्र जग उभे राहिले, आणि त्या जगात ट्रॉगडॉरचाही ट्रॉगाडोर नावाचा ॲनिमे-अवतार आहे. तुझ्या ड्रॅगनचा हा सर्वांत जवळचा पूर्वज, म्हणून एवढे लांबण लावले.

आता तोंडाकडे ये. तू ड्रॅगनच्या ओठांची हालचाल शब्दागणिक बसवणार आहेस असे लिहिलेस. ते करू नकोस. जपानी चित्रकार ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही ॲनिमे मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तुटपुंज्या पैशांत पुरा करायचा होता. म्हणून सेकंदाच्या चोवीस चौकटींना सरसकट नवे चित्र न काढता एकच चित्र तीन चौकटी टिकवायचे, चेहरा स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचे, आणि धावणाऱ्या माणसाऐवजी मागची पार्श्वभूमीच सरकवायची, अशा युक्त्या रूढ झाल्या. आज ज्याला आपण ॲनिमेची शैली म्हणतो, तिचा मोठा भाग या काटकसरीतून आलेला आहे. होमस्टार रनर फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनत असे, आणि तिथेही डोके, हात, तोंड हे भाग एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरले जात, शिवाय टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ इंटरनेटवर चालेल इतकी फाइल लहान ठेवावी लागे. एका काटकसरीने दुसरीची थट्टा केली, म्हणून ती थट्टा अंगाला बसली. त्यात डबिंगची गंमत वेगळीच. दोन हजारच्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही ॲनिमे मालिका लागत असे, तेव्हा पात्राचे ओठ थांबल्यावरही वाक्य चालूच राहिलेले तूही पाहिले असशील. स्टिंकोमनचे ठासून, अवघडपणे बोलणे तिथूनच आले आहे.

‘ड्रॅगन बॉल’चा विषय निघालाच आहे, तर आणखी एक शंका. त्यातला शेनरॉन हा पूर्व आशियाई ड्रॅगन आहे. सर्पासारखा लांबलचक, बिनपंखांचा, आकाशात वेटोळे घालणारा आणि सात गोळे जमवणाऱ्याची इच्छा पुरी करणारा. ट्रॉगडॉर मात्र युरोपीय दंतकथांच्या कुळातला, शेतकऱ्यांना आणि त्यांच्या गवताने शाकारलेल्या घरांना आग लावत सुटणारा. तुझ्या चित्रात धड शेनरॉनचे आहे आणि पंख मात्र युरोपचे आहेत. ही भेसळ तू जाणून केली असशील तर तोच तुझा विनोद होऊ शकतो, पण मग ते पंख इतके चिमुकले आणि निरुपयोगी कर की ते चुकून राहिले आहेत असे कोणाला वाटू नये. ट्रॉगडॉरचा तो हात आठव.

आपले कार्टून पुरे व्हायला उशीर होईल अशी तुला चिंता वाटते, तिचे मला हसू आले. ‘मेगा मॅन’ या जपानी खेळाच्या धर्तीवर केलेला स्टिंकोमनचा खेळ २००५ साली सुरू झाला आणि त्याचा दहावा, शेवटचा टप्पा डिसेंबर २०२० मध्ये आला, म्हणजे फ्लॅशची मालक कंपनी अडोबी हिने फ्लॅशचा आधार काढून घेतला त्याच महिन्यात. उलट ट्रॉगडॉरचे चित्र एका छोट्या ई-मेल-भागातले, पण त्याचे गाणे २००६ मध्ये ‘गिटार हिरो २’ या खेळात गेले आणि २०१८ मध्ये त्याच्यावरच्या बोर्ड गेमसाठी चाहत्यांनी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. ते ओबडधोबड चित्र पुसून नीटनेटके करण्याचा मोह चॅपमन बंधूंना झाला नाही, ही मला त्यांची सर्वांत मोठी हुशारी वाटते.

तेव्हा केस ठेव, डोळे ठेव, पण तोंडाच्या तीनच आकृत्या काढ: मिटलेले, अर्धे उघडे, आणि चेहरा फाडून बाहेर येणारे. दहा सेकंदांचा एकच प्रसंग कर, ज्यात ड्रॅगन आपल्या सामर्थ्याविषयी बोलत राहतो आणि पार्श्वभूमी सोडून काहीही हलत नाही. आवाज तुझाच दे. तू म्हणतोस तो तुझ्या शेजाऱ्याचा भारदस्त आवाज त्याला शोभणार नाही. तो तुकडा तयार झाला की पाठव, आणि पंखांचे काय ठरवलेस तेही कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अविनाश